लिस्बनमधला पहिला दिवस: चढ यंत्राने, उतार पायांनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे लिस्बन, प्रवास एकट्याने, युरोप पहिल्यांदाच, विमान सकाळी अकराच्या आसपास उतरतं. पहिल्याच दिवशी किल्ला, अल्फामा ही जुनी वस्ती, २८ नंबरची ट्राम, जेरोनिमुश मठाचा बेलें भाग आणि रात्री फादु हे इथलं गाणं, एवढं बसेल का?

बसणार नाही. कारण अंतर नव्हे, अंतरं तर अगदीच किरकोळ आहेत. आडवे येतात ते चढ आणि घड्याळ. उन्हाळ्यात लिस्बन भारताच्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे तिथे संध्याकाळचे सात वाजले की तुमच्या अंगाच्या हिशेबाने रात्रीचे साडेअकरा ते साडेबारा झालेले असतात, आणि आदल्या रात्री विमानात धड झोप झालेली नसते. नकाशावर पाचशे मीटर दिसणारी वाट प्रत्यक्षात दीडशे पायऱ्यांची निघू शकते. त्यामुळे पहिल्या दिवशी फक्त जुनं शहर घ्या. वर जाताना लिफ्ट आणि सरकते जिने वापरायचे, खाली मात्र चालत यायचं. बेलें, फादु आणि ट्राम दुसऱ्या दिवसावर ढकला.

आधी विमानतळ. फ्रँकफुर्टमार्गे येत असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, कारण शेंगेनमधला, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातला, पहिला विमानतळ तो. लिस्बनला उतरल्यावर फक्त सामान घ्यायचं आणि बाहेर पडायचं. आखाती देशांमार्गे येणाऱ्यांची रांग मात्र लिस्बनलाच लागते आणि ती लांबते. बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी युरोपीय संघाची नवी प्रवेश-नोंदणी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, म्हणून फ्रँकफुर्टला दोन विमानांमध्ये किमान अडीच-तीन तास ठेवा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत असू द्या. मोबाइलची बॅटरी नेमकी त्या खिडकीपाशी संपते.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन तिथूनच सुटते. साँव सेबाश्तियाँवच्या दिशेची गाडी पकडा, अलामेदाला उतरा, तिथून हिरव्या लाइनवर काइश दु सुद्रेच्या दिशेने मार्तीं मुनीश, रोसियु किंवा बाइशा-शियादु. सगळं मिळून अर्धा तास. विमानतळाच्या स्टेशनवर तिकीट यंत्रांपुढे मोठी रांग असते आणि बरेच जण तिथे विनाकारण उभे राहतात. मेट्रोच्या फाटकावर संपर्करहित व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट टेकवता येतं. अट एकच, भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार आणि संपर्करहित पेमेंट या दोन्ही गोष्टी बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी चालू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डावर त्या मुळात बंद असतात, आणि कार्ड चालत नाही म्हणून परदेशात अडकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं कारण एवढंच असतं. काही प्रीपेड फॉरेक्स कार्डं फाटकावर नाकारली जातात, म्हणून दुसरं कार्ड जवळ हवं.

नंतर केव्हा तरी निवांत स्टेशनवर 'नावेगांत' कार्ड घ्या. कोरं कार्ड ५० सेंटचं. त्यात 'झॅपिंग' नावाची रक्कम भरायची, प्रत्येक फेरीला तीतून पैसे कापले जातात, आणि ती मेट्रो, बस, ट्राम, नदीपारची फेरी बोट या सगळ्यांना चालते. पहिल्या दिवशी दहा युरोंचं झॅपिंग पुरून उरतं. सात युरोंच्या आसपासचा २४ तासांचा पास त्या दिवशी परवडत नाही, कारण बहुतेक वेळ तुम्ही पायीच असता. एक खोच लक्षात ठेवा: झॅपिंगची शिल्लक असेपर्यंत त्याच कार्डावर २४ तासांचा पास चढत नाही. दोन्ही हवं असेल तर आणखी ५० सेंट खर्चून दुसरं कार्ड घ्या. ट्राममध्ये चालकाकडून सुटं तिकीट घेतलं तर तीन युरोंपेक्षा जास्त पडतात.

राहायला कुठे, यावर एकट्याने फिरणाऱ्यासाठी माझं मत ठाम आहे: बाइशा, रोसियु किंवा शियादु. अल्फामातली खोली फोटोत सुरेख दिसते, पण टॅक्सी दारापर्यंत जात नाही आणि चाकाची बॅग दगडी पायऱ्यांवरून ओढताना पहिला तास तिथेच जातो. खोली बहुतेक ठिकाणी दुपारी तीननंतर मिळते, मात्र बॅग आधी ठेवून घेतात, तशी ईमेलने विचारणा करून ठेवा. शहराचा पर्यटन कर माणशी रात्रीला ४ युरो आहे. तो बुकिंगमध्ये धरलेला नसेल तर काउंटरवर मागतात, त्यात फसवणूक काही नाही.

पैशांचं आणखी एक. रोख काढायची तर 'मुल्तिबांकु' लिहिलेल्या, बँकेच्या भिंतीतल्या यंत्रातूनच. पर्यटकांच्या गल्ल्यांत दर पन्नास पावलांवर जी खासगी यंत्रं दिसतात ती दर वाईट देतात. कुठलंही यंत्र 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारेल, तेव्हा नकार द्या आणि युरो निवडा. होकार दिला की दर ते ठरवतात आणि त्यात त्यांचा वाटा असतो. चाळीस-पन्नास युरो रोख जवळ हवेत, कारण जुन्या छोट्या खानावळी कार्ड घेतात म्हणतात ते पोर्तुगीज बँकांचं कार्ड. तुमचं व्हिसा त्या यंत्रावर चालेलच असं नाही.

आता प्रत्यक्ष वाट. बॅग टाकून साडेबारापर्यंत रोसियुला या. चौकातली लाटांच्या नक्षीची काळी-पांढरी फरसबंदी १८४८-४९ मधली. डोळ्यांना ती हलल्यासारखी वाटते, आणि पायांनाही. शहरभराच्या पदपथांवर हेच चुनखडीचे छोटे चौकोनी दगड आहेत, वर्षानुवर्षांच्या पायांनी घासून गुळगुळीत झालेले. कोरड्यातही उतारावर पाय सरकतो, पावसात तर हमखास. नव्या सपाट तळव्याचे बूट आणू नका. रबरी, खाचांचा तळवा असलेले आणि आधी वापरून मऊ झालेले बूट हवेत.

जेवण लगेच उरकून घ्या. लिस्बनच्या स्वयंपाकघरांची दुपार साडेबारा ते तीन. त्यानंतर साडेसातपर्यंत उघडं असतं ते बहुतेक पर्यटकांसाठीचंच. 'प्रातु दु दिआ', म्हणजे दिवसाची थाळी, साध्या खानावळीत साधारण दहा-तेरा युरोंना मिळते. बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर लगेच परत पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही. शाकाहारी मंडळींनी 'काल्दु व्हेर्द' या हिरव्या सूपपासून जपून राहावं, त्यात सॉसेजच्या चकत्या असतात. 'सें कार्न, सें पेइश', म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे दोन्ही म्हणावं लागतं. नुसतं मांस नको म्हटलं तर बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, मोठ्या प्रेमाने समोर येतो. अगदीच अडलं तर मार्तीं मुनीशच्या परिसरात भारतीय, नेपाळी, बांगलादेशी खाणावळी रांगेने आहेत. कॉफीच्या टपरीवजा दुकानांतून काचेआड 'शामुसा' दिसेल. हा आपलाच समोसा, गोवा आणि मोझांबिकमार्गे इथे स्थिरावलेला. आतलं सारण बहुधा मांसाचं असतं, विचारून घ्या.

जेवणानंतर रोसियुच्या कोपऱ्यावरचं साँव दुमिंगुश चर्च पाहा. प्रवेश मोफत, दहा मिनिटं पुरतात. १९५९ च्या आगीत हे आतून जळालं. छत नव्याने घातलं, पण भाजून फुटलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले. बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये इथे झालेल्या ज्यूंच्या कत्तलीचं स्मारक आहे. लिस्बनमधली जी चर्चं लोक रांगा लावून पाहतात, त्यांतल्या निम्म्यांपेक्षा हे जास्त लक्षात राहतं.

तिथून बाइशाच्या सरळ रस्त्यांनी रुआ दुश फांकेइरुशला या. १७० ते १७८ क्रमांकाच्या इमारतीत एक सार्वजनिक लिफ्ट आहे. फलक साधा आहे आणि दार एखाद्या ऑफिसचं वाटतं, म्हणून लोक पुढे निघून जातात. लिफ्ट मोफत आहे. ती वरच्या रुआ दा मादालेनावर सोडते. रस्ता ओलांडून थोडं पुढे शांव दु लोरेइरुला जा. तिथल्या जुन्या मंडईच्या इमारतीत खाली सुपरमार्केट आहे आणि दुसरी मोफत लिफ्ट. तिच्या माथ्यावर गच्चीसारखी जागा आहे, बाहेर पडलात की कोश्टा दु काश्तेलु, म्हणजे किल्ल्याच्या टेकडीची कड. घाम न गाळता चढाचा मोठा भाग संपला. पाय अगदीच बोलत नसतील तर प्रासा दा फिगेइरामधून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी जाते.

किल्ल्यात जायचं का? तिकीट पंधरा युरोंच्या पुढे आहे. समोर दिसणारी तटबंदी बरीचशी १९३८-४० च्या सुमारास हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पुन्हा उभारलेली. राजगड-रायगड चढलेल्या माणसाला किल्ला म्हणून हा अंगणाएवढा वाटेल. दृश्य उत्तम आहे, पण तसंच दृश्य इतर ठिकाणांहून फुकट दिसतं. ऐन उन्हाळ्यात तिकिटाची रांग मोठी दिसली तर मी तरी सोडून पुढे जायला सांगेन. इतिहासाची, विशेषतः ११४७ च्या आधीच्या मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांच्या वस्तीची ओढ असेल तर आतली उत्खननाची जागा पाहण्यासारखी आहे.

किल्ल्याच्या दारापासून पाच मिनिटांच्या उतारावर पोर्ताश दु सोल आणि लागूनच सांता लुझिया हे दोन सज्जे, म्हणजे शहर न्याहाळायच्या उघड्या जागा. सांता लुझियाच्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या अझुलेजु टाइल्सची दोन चित्रं आहेत: एकात ११४७ मध्ये किल्ला सर झाल्याचा प्रसंग, दुसऱ्यात १७५५ च्या भूकंपापूर्वीचा नदीकाठचा चौक. दुसऱ्याचा फोटो काढून ठेवा, तासाभराने त्याच चौकात उभे राहाल.

इथून अल्फामात उतरायचं. चर्चच्या बाजूने रुआ नोर्बेर्तु द आराउजुच्या पायऱ्या सुटतात, तिथेच जुन्या मूर तटाचा एक तुकडा शाबूत आहे. खाली गल्ल्या इतक्या अरुंद की फोनवरचा निळा ठिपका एका गल्लीतून दुसरीत उड्या मारतो. नकाशाचा नाद सोडा. जो रस्ता उतरतो तो धरा, नदी कधीच चुकत नाही. चूक होते ती एकाच प्रकारे: सुंदर कमान दिसली म्हणून लोक वर वळतात आणि पंधरा मिनिटांनी घामाघूम होऊन निघाल्या जागी येतात. साँव मिगेलचा चौक, मग रुआ द साँव पेद्रु, आणि शेवटी लार्गु दु शाफारीश द देंत्रु, जिथे फादु संग्रहालय आहे. आरामात पाऊण तास. ही राहती वस्ती आहे. दारात बसलेल्या आजींचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

नदीकाठाने पश्चिमेला वळा. रुआ दुश बाकाल्योएइरुशवर हिऱ्याच्या पैलूंसारख्या टोकदार दगडांनी मढवलेली एक इमारत लागते, काझा दुश बिकुश. मराठी माणसाने, त्यातही गोव्याच्या, इथे थांबायलाच हवं. हे घर १५२३ मध्ये बांधलं ब्राश द आल्बुकेर्कने, म्हणजे १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कच्या मुलाने. वरचे मजले भूकंपात गेले, विसाव्या शतकात पुन्हा चढवले. आज आत नोबेलविजेते कादंबरीकार झुझे सारामागु यांचं प्रतिष्ठान आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली सारामागुच्या अस्थी. पणजीहून १९६१ पर्यंत ज्या शहराकडे फायली जात होत्या, त्याच शहरात आंतोनियु कोश्टा हे मडगावात मुळं असलेले गृहस्थ २००७ पासून महापौर होते आणि २०१५ मध्ये देशाचे पंतप्रधान झाले.

पुढे पाचेक मिनिटांवर प्रासा दु कुमेर्सियु. स्थानिक अजून याला तेर्रेइरु दु पासु, राजवाड्याचं पटांगण, म्हणतात, कारण भूकंपापर्यंत राजवाडा इथेच होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊ-पावणेदहाची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. आधी भूकंप, मग पडझडीतून वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून याच नदीकाठावर धावले तेव्हा त्सुनामी, आणि पाठोपाठ कित्येक दिवस चाललेली आग. पुनर्बांधणी मंत्री पोंबालने हाती घेतली. बाइशाचे काटकोनी रस्ते आणि एकसारख्या उंचीच्या इमारती ही त्याच्या अभियंत्यांची आखणी. भिंतींच्या आत त्यांनी लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, हादरा बसला तर दगड ढासळेल पण सांगाडा उभा राहील असा. जमीन दलदलीची, म्हणून पाया पाइनच्या खुंटांवर. ते खुंट आणि त्यांच्याखालचे मासे खारवायचे रोमन हौद रुआ दुश कोर्रेएइरुशवरच्या एका बँकेच्या इमारतीखाली मोफत पाहता येतात, फक्त मार्गदर्शकासोबत, म्हणून वेळ आधी नोंदवा. रविवारी बंद.

रुआ ऑगुश्टावर एखादा माणूस जवळ येऊन कुजबुजत 'हशीश, कोका' विचारेल. विकणारा बहुधा नकलीच काही विकत असतो. उत्तर न देता चालत राहा. मागे लागत नाहीत. खरी काळजी खिसेकापूंची. त्यांची ठिकाणं ठरलेली: २८ ची ट्राम, बेलेंची १५, सांता जुश्टा लिफ्टची रांग आणि बाइशा-शियादुचे जिने. फोन मागच्या खिशात नको, पाठपिशवी गर्दीत पुढे घ्या, पासपोर्ट आणि दुसरं कार्ड हॉटेलच्या लॉकरमध्ये. चोरी झालीच तर रेश्ताउरादोरेशच्या चौकात पालासियु फोश इमारतीत पर्यटक पोलिसांचं ठाणं आहे. तिथला लेखी अहवाल विम्याला लागतो. आणीबाणीचा क्रमांक ११२. भारतीय दूतावास बेलेंच्या वरच्या अंगाला, रेश्तेलु भागात आहे.

आता दुसरी टेकडी. सांता जुश्टाची १९०२ ची लोखंडी लिफ्ट सुंदर आहे, पण तासभर रांग आणि सहा युरो हा सौदा वाईट. त्याऐवजी बाइशा-शियादु मेट्रो स्टेशनात रुआ दु क्रुसिफिशुकडच्या दाराने शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वर शियादुला निघा. फाटक ओलांडावं लागत नाही, म्हणजे पैसे पडत नाहीत. एखादा जिना बंद असतो, तेव्हा तेवढा चढ पायांनी. वर आलात की पाच मिनिटांवर लार्गु दु कार्मु. भूकंपात छत गेलेलं कार्मुचं मठ-चर्च तसंच उघडं ठेवलं आहे, कमानींवर थेट आकाश. रविवारी बंद. याच चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान मार्सेलु काएतानुने शरणागती पत्करली आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली. मठाच्या बाजूने मागे गेलात की सांता जुश्टाच्या वरच्या पुलावर पोचता, रांगेशिवाय आणि पैशांशिवाय.

ऊन उतरायच्या तासभर आधी साँव पेद्रु द आल्कांतारा या सज्जावर जा. दहा मिनिटांचा सौम्य चढ आहे. तोंड पूर्वेला असल्याने मावळता सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि समोर किल्ल्याची टेकडी उजळते. जूनमध्ये सूर्यास्त नऊच्या सुमारास, डिसेंबरात सव्वापाचला, त्याप्रमाणे आधीचे थांबे कमी-जास्त करा. जवळून जाणाऱ्या ग्लोरिया फ्युनिक्युलरवर, म्हणजे दोराने चढ चढणाऱ्या ट्रामवर, आराखडा बांधू नका. ३ सप्टेंबर २०२५ ला तिथे भीषण अपघात होऊन १६ जण दगावले आणि ती बंद झाली. बाकीच्या फ्युनिक्युलर चालू आहेत का, हे त्या दिवशी शहराच्या बस-ट्राम चालवणाऱ्या 'कारिश' कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा.

फादु पहिल्या रात्री नको. गाणं आठ-नऊच्या पुढे रंगतं, बऱ्याच ठिकाणी जेवणासह तीस-पन्नास युरोंचं किमान बिल असतं, आणि गाताना बोलणं तर सोडाच, काटा-चमच्याचा आवाजही खपवून घेत नाहीत. डुलक्या घेत ते ऐकण्यात पैसेही जातात आणि गाणंही. सूप आणि पाव खा, नऊपर्यंत जागे राहा, मग झोपा.

पहाटे चार-पाचला डोळे उघडतील ते सत्कारणी लावा. सातच्या आसपास मार्तीं मुनीशहून सुटणाऱ्या २८ मध्ये बसायला जागा मिळते. नऊनंतर तीच ट्राम रांगेत तास खाते. प्राझेरेशपर्यंत जा, परत येऊन १५ नंबरने बेलें. १८३७ पासूनचं पाश्तेइश द बेलें हे कस्टर्डच्या टार्टचं दुकान आठला उघडतं. जेरोनिमुश मठाच्या दारात साडेनऊच्या आधी उभे राहा. वाश्कु द गामाची कबर आहे ते चर्च आणि तिकीट लागणारं मठाचं आतलं अंगण यांच्या रांगा वेगळ्या आहेत, आणि चर्च मोफत आहे. सोमवारी मठ बंद असतो. तुमचा दुसरा दिवस सोमवार येत असेल तर बेलें तिसऱ्या दिवशी न्या आणि सोमवारी काइश दु सुद्रेहून दहा मिनिटांच्या फेरी बोटीने नदीपारच्या कासील्याशला जाऊन या. झॅपिंगचे उरलेले पैसे त्यात खपतात.